मागून थोडं कमी

माझ्या धाकट्या भावानं घड्याळजींचा कान कापला. सगळा नाही. वरच्या कडेला कात्रीचं टोक लागलं, एवढंच. पण कान हा मुळातच आगाऊ अवयव. जखम तिळाएवढी आणि रक्त असं, की शेजारचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. घड्याळजी मात्र खुर्चीत शांत बसून होते. मानेभोवतीच्या कापडाचं टोक त्यांनी कानावर दाबून धरलं, जरा वेळानं उठले, आणि म्हणाले, "राहू दे. बाकीचं पुढच्या वेळी." आणि अर्धवट कापलेल्या केसांनी घरी गेले.

धाकट्यानं दुकान झाडलं, कात्री पुसून पेटीत ठेवली, कुलूप लावलं, पेटी घरी आणली आणि किल्ली आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. "ताई, झालं," म्हणाला. मला वाटलं, दिवसाचं काम झालं. त्याच्या म्हणण्याचा अर्थ होता, धंदाच संपला. कान दुसऱ्याचा कापला आणि खडा यानं स्वतःच्या कानाला लावला.

मी त्याची थोरली बहीण. बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत माझी नोकरी झाली. जाळीच्या आतून लोकांवर खेकसायची सवय तिथली, ती खिडकी गेली तरी राहिली. नवरा गेल्यावर मी भावाकडे राहायला आले. भावानं लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचा, "गिऱ्हाईक बसलंय." तीस वर्षं गिऱ्हाईक बसलेलंच होतं. सकाळी आठाला सलून उघडायचं, संध्याकाळी आठाला बंद. आणि या तीस वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे घड्याळजी. समोरच्या गल्लीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. केस कापून झाले की धाकटा त्यांच्या डोक्यामागे छोटा आरसा धरायचा, घड्याळजी समोरच्या मोठ्या आरशात बघून मान डावीकडे करायचे, उजवीकडे करायचे, आणि म्हणायचे, "मागून थोडं कमी." दरवेळी. मागून कितीही कमी केलेलं असो. धाकटा मग कात्री हवेत दोन-तीनदा चालवायचा, एखादा केस कापल्यासारखं करायचा, आणि दोघांचं समाधान व्हायचं. हे मला धाकट्यानंच सांगितलं होतं, हसत. तेव्हा तो हसत असे.

दुकान बंद केल्यावर त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं, वर्तुळ काढायला सांगितलं, बटणं लावायला सांगितली. सगळं जमलं. "हातात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "मग कशात आहे?" मी विचारलं. डॉक्टरांनी धाकट्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. सगळा दोष माझ्यातच असल्यासारखं.

घरी आल्यावर मी माझ्या पद्धतीनं त्याची परीक्षा घेतली. त्याच्यापुढे पाठ करून स्टुलावर बसले आणि म्हटलं, वेणीची टोकं जरा सारखी कर. कपात चहा ओतताना न हिंदकळणारा त्याचा हात माझ्या पाठीमागे पत्र्यासारखा वाजायला लागला. कात्रीची पाती एकमेकांवर टकटकत होती, मला ऐकू येत होती. "नको ताई," म्हणाला आणि आत गेला. म्हणजे प्रश्न हाताचा नव्हता. समोर माणसाचं डोकं आलं की हात बिथरायचा. आणि माणसाच्या डोक्याला हात लावल्याशिवाय सलून चालवायची युक्ती अजून निघालेली नाही.

आता खुर्चीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुकानात दोन खुर्च्या. त्यातली मोठी, पायानं दाबलं की वरखाली होणारी, या प्रकाराच्या आधीच्या आठवड्यात नवं रेक्झिन लावायला गेली होती. रेक्झिनवाला ती तयार करून टेम्पोत घालून दुकानाशी गेला, कुलूप बघितलं आणि पत्ता विचारत आमच्या दारात आला. खुर्ची दारातून आत जाईना. आडवी केली, तिरकी केली, पाय ठेवायची पट्टी काढून बघितली. शेवटी रेक्झिनवाला म्हणाला, "सध्या बागेत ठेवतो." सध्या हा शब्द मी नोकरीत फार वापरलेला आहे. बस सध्या उशिरा आहे. तेव्हाच मला कळलं की खुर्ची आता तिथेच राहणार. मी तिच्यावर प्लास्टिक टाकून दोरी बांधली.

बाग म्हणायचं आपलं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंतचा तुकडा. भिंत बांधली तेव्हाचे विटांचे तुकडे, वाळू, आणि मधे मधे माती. मी दोनदा टोमॅटो लावून बघितले होते. टोमॅटोंना जागा पसंत पडली नाही. आता त्या तुकड्याच्या मध्यभागी प्लास्टिक गुंडाळलेली खुर्ची, आणि पायरीवर तिच्याकडे बघत बसलेला माझा भाऊ. सकाळी बसायचा, जेवायला उठायचा, परत बसायचा. बोलणं कमी झालं. मग दाढी करणं बंद झालं. आयुष्यभर गावाच्या दाढ्या केल्या आणि स्वतःच्या तोंडावर हे रान. मला भीती वाटायला लागली. मी सहसा कुणाला भीत नाही, लोकच मला भितात, म्हणून ही भीती मला फार नवी होती. रिकामा बसलेला माणूस हळूहळू कसा विझतो ते मी पाहिलेलं आहे, माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत. एक भाऊ उरला होता. तो असा पायरीवर बसवून घालवायची माझी तयारी नव्हती.

मी रोपवाटिकेत गेले. तिथली बाई पिशव्यांत माती भरत होती.

"काय लावायचंय?"

"काहीतरी सोपं."

"ऊन आहे?"

"डोकं फुटेल इतकं."

"माती?"

"विटांचे तुकडे."

"बघणार कोण?"

"भाऊ. तो दिवसभर काहीच करत नाही."

"मग गॅलार्डिया न्या," ती म्हणाली. "त्याला काही करावं लागत नाही. लाड केले तर मरतं. खत नको, पाणी बेताचं. फक्त सुकलेली फुलं कापत राहायची. नाही कापली की झाड समजतं, आपलं काम झालं. मग फुलायचं थांबतं."

मी दोन पुड्या घेतल्या.

बी केसाळ असतं, कुणाच्या तरी कोटावरून झटकून गोळा केल्यासारखं. मातीवर भुरभुरायचं आणि तळव्यानं दाबायचं, पुरायचं नाही, असं बाईनं सांगितलं होतं. मी भुरभुरलं, धाकट्याला म्हटलं, पाणी घाल. तो उठला, आत गेला आणि सलूनमधला फवारा घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फुसफुस मारतात तो. त्यानं वाफ्यावर तसंच मारलं, दोन वेळा फुसफुस, मग कडेनं एकदा. डावा हात आपोआप पुढे गेला, कपाळ झाकल्यासारखा, आणि मग मातीला कपाळ नाही हे लक्षात येऊन मागे आला.  

रोपं उगवली. धाकटा सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. आणि रोज संध्याकाळी, दुकान बंद करून घरी जाताना, घड्याळजी आमच्या फाटकावरून जायचे. पूर्वी ते या गल्लीनं जात नसत. त्यांचं घर दुसऱ्या बाजूला. पहिल्या महिन्यात त्यांचे केस कानावर आले. दुसऱ्या महिन्यात कान दिसेनासे झाले. नंतर कॉलरवर, मग खांद्याकडे. पांढरेशुभ्र केस, आणि सत्तरीचा माणूस. लोक म्हणायला लागले, घड्याळजींना उतारवयात कविता सुचायला लागल्या की काय. फाटकाशी ते जरा हळू व्हायचे, आत बघायचे. धाकटा त्यांना लांबून पाहिलं की फवारा टाकून घरात जायचा आणि ते गेले की बाहेर यायचा.

"बघितलंस ना?" एकदा तो मला म्हणाला. "कान झाकलाय त्यांनी. माझ्यामुळे माणूस तोंड, म्हणजे कान लपवून हिंडतोय."

"हिंडू दे. हौस असेल."

"तीस वर्षं मी कापलेत ते केस. हौस असती तर मला माहीत असती."

मी वाद घातला खरा, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. कानाची शोभा गेली म्हणून म्हाताऱ्यानं केस वाढवले, आणि वर आम्हाला दिसावं म्हणून मुद्दाम आमच्या गल्लीतून जातो. मला त्या माणसाचा राग यायला लागला. एवढासा कान, आणि केवढं ते प्रदर्शन.

गॅलार्डिया फुलला. मधे लाल, कडेला पिवळा, आणि पाकळ्यांची टोकं दातेरी. एकाच वाफ्यात इतक्या रंगछटा, की रस्त्यावरून बघितलं तर कुणीतरी जुनी गोधडी वाळत घातली असावी असं वाटायचं, आणि त्या गोधडीच्या मधोमध खुर्ची. मी खूश झाले. मग पहिली फुलं सुकली, पाकळ्या गळल्या, आणि देठावर नुसते गोल गोंडे राहिले. "आता कापायची," मी म्हटलं. धाकटा पायरीवरून हलला नाही. कात्री म्हटलं की त्याचे कान बंद व्हायचे.

ठीक आहे म्हटलं. मी दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि सुरू झाले. एक फूल वर कापलं, एक खाली, एक अर्धं तुटलं, ते ओढलं. धाकटा बघत होता. मी पाचसहा कापली असतील. त्याच्या तोंडून इतक्या दिवसांत न निघालेला आवाज निघाला.

"अगं, काय करतेस? उंदरानं कुरतडल्यासारखं. ही खुंटं कोण काढणार?"

"माझ्या हाताला एवढंच येतं."

"देठ पानापाशी कापायचा. पाती आडवी धर. आडवी, ताई. अशी नाही."

"मग तू कर."

तो आत गेला. मला वाटलं, रुसला. पण पेटी उघडल्याचा आवाज आला आणि तो बाहेर आला तो कात्री घेऊन. दुकानातली, लांब पात्यांची. उकिडवा बसला, डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरला, डोक्यावरचे केस धरतात तसाच, आणि कापला. हात थरथरला नाही. मी चहा करायला आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसले. कांदा चिरत नव्हते.

त्या दिवसापासून त्यानं रोज सकाळी कापायला सुरुवात केली. इतकं नीट, की झाडं भांग पाडल्यासारखी दिसायची. कुठे गोंडा दिसला की कच. मी गल्लीभर सांगत सुटले. आणि मग फुलं यायची थांबली. एक आठवडा वाट बघितली. दुसरा. तिसऱ्या आठवड्यात अख्ख्या वाफ्यात मोजायलासुद्धा एक फूल नाही. नुसती हिरवी पानं आणि नीट कापलेले देठ.

आमच्या दोघांत मिळून बागेचं ज्ञान शून्य, पण मत प्रत्येकाचं वेगळं. मी म्हटलं, माती वाईट. तो म्हणाला, पाणी जास्त झालं. शेवटी मी त्यानं कापलेले गोंडे मूठभर पर्समध्ये घातले आणि रोपवाटिकेतल्या बाईशी भांडायला गेले. भांडण मी रस्त्यातच तयार केलं होतं. बाईनं ते ऐकून घेतलं, एक गोंडा उचलला, नखानं फोडला आणि माझ्यापुढे धरला. आत घड्या घातलेल्या पिवळ्या पाकळ्या होत्या. दुसरा फोडला. त्यातही.

"या कळ्या आहेत," ती म्हणाली. "सुकलेलं फूल आणि कळी सारखंच दिसतं याचं. पाकळ्या गळल्या की तोही गोल गोंडा, उमलायच्या आधी तीही गोल गोंडा. तुमचा भाऊ कळ्या कापतोय."

माझं तयार भांडण तसंच राहिलं. परत येताना मी ठरवलं की हे त्याला हळूच सांगायचं. आधी चहा द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, मग सहज विषय काढायचा. फाटक उघडलं, तो वाफ्यात होता, मान वर करून म्हणाला, "काय म्हणाली?" आणि मी म्हटलं, "कळ्या कापतोयस तू."

माझ्या जिभेला खिडकीची सवय आहे, पुढचा म्हणायची घाई असते तिला. धाकट्यानं हातातल्या कात्रीकडे बघितलं. मग जमिनीवर पडलेल्या गोंड्यांकडे. एक उचलून सोलला. आतल्या पाकळ्या बोटावर उघडल्या. तो उठला, कात्री पुसली, पेटीत ठेवली, पेटी कपाटावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भर दुपारी. जे कापायला नको तेच मी कापतो, एवढंच म्हणाला. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्यातल्या काही मला स्वतःलाच नव्या होत्या.

दोन दिवस तो बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दार उघडं. तो वाफ्यात बसला होता, मोकळ्या हातानं. डोळे मिटलेले. एकेक गोंडा दोन बोटांत धरायचा, हलकेच दाबायचा, सोडायचा, पुढच्यावर जायचा. मला वाटलं, झालं, आता याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"ताई, इकडे ये," तो म्हणाला. "हा दाबून बघ. मऊ लागतो ना? हा संपलेला. आता हा. टणक आहे, बटणासारखा. ही कळी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. दाढीसारखं आहे. दिसत नाही, बोटं फिरवली की कळतं."

मी दाबून बघितले. मला दोन्ही सारखेच लागले. पण त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी असे दिसत होते, म्हणून मी हो म्हटलं.

पंधरवड्यात वाफा पुन्हा भरला. आता तो आधी बोटांनी चाचपायचा, मग कापायचा, आणि त्याचं कधीच चुकलं नाही. दाढीही केली. तेव्हा मी धीर करून किल्लीचा विषय काढला.

"हात तर चालतोय तुझा."

"फुलाला कान नसतात," तो म्हणाला. विषय संपला.

त्याच सुमाराला दुकानाच्या मालकाचा निरोप आला. इतके महिने जागा बंद आहे, बेकरीवाल्याला भिंत पाडून भट्टी वाढवायची आहे, सलून उघडायचं नसेल तर महिनाअखेर किल्ली द्या. धाकट्यानं निरोप ऐकला आणि म्हणाला, "देऊन टाक." मीठ दे म्हणावं तसं. मी खिळ्यावरच्या किल्लीकडे बघितलं. ती गेली असती तर तो जन्मभर गॅलार्डियाच कापत बसला असता. आणि हिवाळ्यात काय कापणार होता?

माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. मी सरळ घड्याळजींच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकले होते. केस दोन्ही बाजूंनी पुढे आलेले. ते त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांनी मागे अडकवले होते. त्यांची मान वर व्हायची मी वाट पाहिली नाही.

"तुमच्या कानाला काय झालं होतं?" मी म्हटलं. "एवढंसं लागलं. त्यासाठी इतके महिने केस वाढवून आमच्या दारावरून मिरवताय. माझा भाऊ तुम्हाला बघून घरात लपतो. दुकान जातंय त्याचं. तेवढ्यानं तुमच्या कानाचं समाधान होणार नसेल तर तसं सांगा. पण आधी केस कापा."

घड्याळजींनी भिंग काढलं.

"कुणाकडून कापू?" ते म्हणाले.

"कुणाकडूनही. गावात सलूनं काय कमी आहेत?"

"त्यानं दुकान बंद ठेवलंय," घड्याळजी मला समजावल्यासारखं म्हणाले. "मी बाकीचं पुढच्या वेळी म्हटलं होतं. उघडेल म्हणून थांबलो. दुसऱ्याकडे गेलो असतो तर त्याला काय वाटलं असतं?"

मी स्टूल ओढून बसले. 

"मग आत का नाही आलात कधी? रोज फाटकाशी थबकता आणि जाता."

"यायचं होतं. तब्येतीची चौकशी करायला जावं, तर लागलं मला होतं आणि घरी बसला होता तो. कोणी कोणाला भेटायचं तेच ठरेना." त्यांनी चिमटा काढून परत लावला. "आणि मी दिसलो की तो आत जायचा. मला वाटलं, रागावलाय. मी हललो असेन त्या दिवशी."

मी म्हटलं, रविवारी या.

धाकट्याला मी काही सांगितलं नाही. जीभ दाताखाली धरून तीन दिवस काढले. रविवारी सकाळी तो वाफ्यात उकिडवा बसलेला, एका हातात कात्री, दुसऱ्यात सुकलेले गोंडे. फाटक वाजलं. घड्याळजी आत आले. धाकटा उठायला गेला, पण वाफ्याच्या त्या बाजूला भिंत आणि या बाजूला मी. घड्याळजींनी खुर्चीवरची दोरी सोडली, प्लास्टिक काढलं, त्याची चौकोनी घडी घातली, पायरीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. नवं रेक्झिन कुरकुरलं.

"बाकीचं राहिलंय," ते म्हणाले.

धाकटा जागचा हलला नाही. "काका, माझा हात थरथरतो."

"माझाही थरथरतो. बरीच वर्षं झाली."

"आणि घड्याळं?"

"चालतात. जरा मागे पडतात."

"परत लागलं तर?"

"दुसरा आहे," घड्याळजी म्हणाले.

मी आतून टेबलावरचं कापड आणलं आणि घड्याळजींच्या मानेभोवती बांधलं. घट्ट बसलं असावं, पण त्यांनी तक्रार केली नाही. धाकट्यानं कात्री धुतली, पुसली, परत धुतली. कंगवा आणला. पायानं खालचा दांडा दाबून खुर्ची वर घेतली. मग कात्री खिशात ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं त्या पांढऱ्या केसांत घातली. नुसतीच. वरपासून खालपर्यंत, हळू, चाचपत. घड्याळजींनी डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच उभा होता आणि मी पायरीवर जाऊन बसले.

मग त्यानं कात्री काढली. हात थरथरत होता. मला पायरीवरून दिसत होता. कंगवा घड्याळजींच्या मानेवर टकटक वाजत होता. पण कात्री चालत होती. केसांच्या बटा खाली पडत होत्या, काही खुर्चीवर, काही गॅलार्डियावर. कानापाशी आल्यावर तो थांबला. बोटांनी कान दुमडला, आजूबाजूचं कापलं, पुन्हा थांबला. मग वाकून बघितलं. अंगठा कानाच्या कडेवरून फिरवला, पुढून, मागून. दुसऱ्या बाजूला गेला, तो कान मोकळा केला, तिथेही अंगठा फिरवला. परत पहिल्याकडे आला.

"काका, कोणता होता?"

"डावा," घड्याळजी म्हणाले. मग विचार करून, "नाही, उजवा असावा. झोपताना कुशीवर लागायचं. पण मी कुठल्या कुशीवर झोपतो?"

"ताई?"

इतके महिने मी त्या कानाचं नाव ऐकत होते. उठता-बसता कान. तो कोणता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"बघ ना नीट," मी म्हटलं. "वण असेल."

"नाहीये," धाकटा म्हणाला. "दोन्ही सारखेच लागतात."

त्याचा अंगठा अजून कानावरच होता. आणि तो तसाच, कंगवा हातात धरून, रडायला लागला. माझा भाऊ आमच्या आईवडिलांच्या वेळीही लोकांपुढे रडला नव्हता. घड्याळजी समोर फाटकाकडे बघत ताठ बसून राहिले, कारण केस कापताना हलायचं नसतं. मीही उठले नाही. उठले असते तर काहीतरी बोलले असते.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि राहिलेलं कापलं. मानेवरचं साफ केलं, ब्रशनं झटकलं. मग माझ्याकडे हात केला. मी दाढीचा छोटा आरसा आणून दिला. बागेत समोर मोठा आरसा नव्हता. नुसता मागे धरून घड्याळजींना काही दिसणं शक्यच नव्हतं. पण शेवटी आरसा धरायचा असतो, म्हणून त्यानं धरला. घड्याळजींनी समोरच्या फाटकात नीट बघितलं. मान डावीकडे केली. उजवीकडे केली.

"मागून थोडं कमी," म्हणाले.

धाकट्यानं आरसा माझ्या हातात दिला. "ताई, ती किल्ली तेवढी काढून ठेव, सकाळी आठाला लागेल," म्हणाला, आणि मागून थोडं कमी केलं.